कार्ब्युरेटरस्थित थेंबरावांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान थेंबराव पाणी,
मुक्काम कार्ब्युरेटरची वाटी, अगदी तळाशी,
भिवपुरी, तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी आपण आमच्या शंभर सीसीच्या गाडीत मुक्कामाला आहात, हे आम्हाला दोन तास उशिरा कळलं. आधी कळतं तर असं लाथा मारून स्वागत केलं नसतं. पंचेचाळीस किका झाल्या. सेहेचाळिसावी उसळून नडगीवर आली, तेव्हा आमच्या तोंडून जे शब्द गेले ते गाडीला उद्देशून होते. ते आता कृपया आपल्या नावे वळते करून घ्यावेत.

आपल्यामुळे शेजारधर्म जागा झाला, याबद्दल प्रथम आभार. एरवी खिडकीतूनही न दिसणारी माणसं छत्र्या घेऊन अंगणात आली. एक म्हणाले, चोक द्या. दुसरे म्हणाले, चोकनेच ओव्हर झाली, चोक काढा. तिसऱ्यांनी कॉक रिझर्व्हला फिरवला, चौथ्यांनी परत ऑनवर आणला. ज्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नाही, ते काका ‘बॅटरी बसली’ म्हणाले. आमच्या या जुन्या गाडीला किक मारताना बॅटरी लागतच नाही, असं आम्ही नम्रपणे सांगितलं. ते अजून बोलत नाहीत. तेही आपलेच उपकार.

शेवटी सर्वानुमते ‘कचरा आला असेल’ असं ठरलं. आपल्यासारख्या खानदानी असामीला कचरा म्हटल्याबद्दल सर्व अंगणाच्या वतीने माफी मागतो.

मग गाडी आडवी करून झाली, उभी करून झाली. उतारावर सेकंड गिअर टाकून धक्का स्टार्टही झाला. म्हणजे धक्का झाला, स्टार्ट राहिला. तेव्हा गाडी ढकलत स्टेशनाकडे निघालो. आमच्या स्टेशनाचं नाव भिवपुरी रोड. रेल्वेने नावापुढे ‘रोड’ लावलं की गाव तिथे नाही, रस्त्याने बरंच पुढे आहे, असं समजावं. ते ‘बरंच’ म्हणजे नेमकं किती, हे गाडी ढकलल्याशिवाय कळत नाही. आपण ते शिकवलंत. वाटेत आमची कर्जत लोकल मुंबईकडे जाताना लांबून दिसली. मोठी सुंदर दिसत होती.

मान वर केली की माथेरान. तिथे मोटारींना मज्जाव, माणसं घोड्यावर बसतात. आजवर आम्हाला त्या घोडेवाल्यांची दया यायची. त्या दिवशी हेवा वाटला. घोड्याला कार्ब्युरेटर नसतो.

आपला शोध ज्यांनी लावला ते मेकॅनिक पत्र्याच्या शेडमध्ये बसतात आणि बोलतात कमी. त्यांनी प्लग पान्याने प्लग खोलला, नाकाला लावून हुंगला. कोरडा. प्लग कॅपमध्ये खोचला, इंजिनाच्या हेडला टेकवला, किक मारली. चट्ट करून निळी ठिणगी. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून आणखी एक किक. अंगठा उडाला, म्हणजे कॉम्प्रेशन शाबूत. कॉकखालची नळी काढली, पेट्रोलची धार लागली. दोन मिनिटांत त्यांनी आमच्या अंगणाचे सगळे सिद्धान्त निकालात काढले, तेही कुणाला न दुखावता.

‘करंट हाय, पेट्रोल हाय,’ ते म्हणाले, ‘दोघांची गाठ कुठं पडत नाय तेवढं बघायचं.’

मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून त्यांनी पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत उतरवलं आणि बाटली उजेडात धरली. तळाशी आपण होतात. गोल, स्वच्छ, पाऱ्यासारखे घरंगळत. एवढ्या सज्जन चेहऱ्याचा गुन्हेगार आम्ही तरी पाहिला नव्हता.

आपली जागेची निवडही किती अचूक! एक लिटर पाणी भरतं एक किलो, पेट्रोल जेमतेम पाऊण. म्हणून आपण टाकीतही तळाशी जाता, वाटीतही तळाशी. आणि जेटची तोंडं तिथेच पेट्रोल ओढायला बसलेली. सुरू होतानाचं पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. पेट्रोल त्यातून सहज निसटतं. आपला पृष्ठताण त्याच्या तिपटीहून अधिक. आपण त्या भोकाशी फुगून बसलात, स्वतः आत जाईनात आणि दुसऱ्याला जाऊ देईनात. सार्वजनिक जीवनात आपल्याला फार वाव आहे.

आता थोडं आपल्या घराण्याबद्दल. राग मानू नये, पण आपल्याच भाऊबंदांनी या गावाचं नाव काढलं आहे. घाटमाथ्यावर आंध्रा नदी वाहते. ती इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराकडे निघालेली. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली आमच्या भिवपुरीत आणून चक्रांवर सोडलं. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, आमचं १९२२ चं. शंभर वर्षं उलटली, ७५ मेगावॅटचं केंद्र अजून उभं आहे. आपल्या चुलत्यांनी मुंबईला वीज दिली. वीज देऊन झाल्यावरही ते थांबत नाहीत. उल्हास नदीत उतरतात, राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या शेतांत उन्हाळी भाताला जातात.

आणि आपण? चार डोंगर पूर्वेला पडला असतात तर कामाला लागला असतात. घराण्याने अवघ्या मुंबईला उजेड द्यायचा, आणि आपण घरच्याच गावातली एक ठिणगी वाया घालवायची! बरं, ठिणगीशी आपलं वैरही नाही. ती बिचारी हजारो व्होल्टनिशी प्लगवर वेळेवर हजर होती. तिच्याकडे पेट्रोल जाऊ नये, एवढीच आपली इच्छा.

अर्थात गाड्या अडवणं हाही आपल्या कुळाचा छंदच म्हणा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीने बदलापूर आणि वांगणीच्या मधे अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली. हजाराच्या आसपास प्रवासी, नौदलाची हेलिकॉप्टर, बचावदलाच्या रबरी होड्या. त्या मानाने आमची शंभर सीसी म्हणजे आपला किरकोळ रियाज. आम्हाला सोडवायला हेलिकॉप्टर आलं नाही, तेही योग्यच झालं.

हल्ली आपण एकटे येत नाही, असंही कळलं. पूर्वी पेट्रोल आणि पाणी एकमेकांचं तोंड पाहत नसत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्याची आपल्यावर भारी माया. थोडे आलात तर ते आपल्याला पोटात लपवतं. जास्त आलात की पेट्रोलचा हात सोडून आपल्या गळ्यात गळा घालून तळाशी येऊन बसतं. देशावर ऊस पाणी पितो, उसाची मळी होते, मळीचं इथेनॉल होतं आणि ते कोकणात उतरून पुन्हा पाणीच पितं. आम्ही पैसे पेट्रोलचे देतो. पंपावर मीटर शून्यावरून सुरू झाला का, हे डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि आत चाललंय हे संमेलन!

आता शेवटचा मुद्दा. तो लिहिताना आमचा सूर किंचित खाली येईल. आपण आत शिरलात कसे? मेकॅनिकांनी टाकीचं झाकण उघडून बोट फिरवलं. झाकणाचा रबर वाळून चिरलेला. टाकीच्या तोंडाभोवती साचलेलं पाणी खाली जावं म्हणून एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं. म्हणजे प्रत्येक सरीला झाकणाभोवती एक छोटं तळं भरत होतं आणि आपण तिथून रांगेत, शिस्तीने आत येत होतात. ‘हे भोक कधी साफ केलं होतं?’ त्यांनी विचारलं. असं भोक असतं हे आम्हाला त्याच वेळी कळत होतं.

त्यांनी मग सीटकडे पाहिलं. सीटवर आम्ही दुधाची मोठी प्लास्टिकची पिशवी चारही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधली होती. थेंब शिरायची सोय नव्हती. दोन पावसाळे पँट कोरडी ठेवली होती त्या पिशवीने. टाकी उघडी.

ते काही बोलले नाहीत. भोकात तार घातली, जेटमध्ये फुंकर मारली, टाकी रिकामी केली, नवा रबर बसवला. गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. पैसेही त्यांनी इतके कमी सांगितले की मान वर करवेना.

आपल्याला आम्ही शेडबाहेरच्या गटारात सोडलं. पुढे नाला, नाल्यापुढे उल्हास, उल्हासेपुढे वसईची खाडी. सगळी वाट उताराची आहे, आपल्याला ढकलावं लागणार नाही. पुढच्या मृगाला आपण परत याल, याची खात्री आहे. कृपया घाट चढून ठोकरवाडीला पडावं, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ आटावा ही विनंती.

आपला,
लेटमार्कधारी एक भिवपुरीकर

ता. क. पिशवी आता टाकीवर बांधली आहे. हे पत्र ऑफिसात उभ्यानेच लिहीत आहे.