भाऊसाहेब सुखरूप आहेत

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,


सगळ्यात आधी महत्त्वाचं: भाऊसाहेब सुखरूप आहेत. आत्ता माझ्या लॅपटॉपच्या चार्जरवर पोट टेकून झोपलेत. शेपूट जागेवर आहे, कान दोन्ही आहेत. आई, तू परवा फोनवर रडलीस, गणपतीला नारळ बोललीस आणि वर पलीकडच्या काकूंना "अमेरिकेत रात्री मांजरं कापून नेतात" असं सांगूनही मोकळी झालीस. नारळ फोडायला हरकत नाही. काकूंना मात्र आवर, नाहीतर आठवड्यात ही बातमी मिरजेहून सांगलीला पोचेल.

तुमचे जावईबापू फोनवर म्हणाले ते असं: "रात्रीत कुणीतरी आमचं कॅट कापून नेलं." ते गाडीबद्दल बोलत होते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा गाडीखाली असतो, त्याला इथली गाडीवेडी मंडळी लाडानं नुसतं 'कॅट' म्हणतात. पुढचं ऐकायच्या आत तू फोन बाबांकडे दिलास आणि देवघरात गेलीस.

चोरीला तसे बरेच आठवडे झाले, तुम्हाला कळली ती परवा. आम्हाला कळली ती एका सकाळी. आपल्या जुन्या प्रायसचं बटण दाबलं की आधी काहीच ऐकू येत नाही, गाडी बॅटरीवर जागी होते. मग काही सेकंदांनी इंजिन आपण होऊन सुरू होतं. त्या दिवशी ते असं गरजलं की समोरच्या घरातले आजोबा नाइट गाउनमध्ये बाहेर आले. गंमत अशी, की ते इंजिन एवढ्या लगेच सुरू होतं ते मुख्यतः कॅट गरम व्हावं म्हणून. अडीच-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते कामाला लागत नाही. ज्याच्यासाठी शेगडी पेटवली तेच घरातून पसार!

बाबा, आता तुमचा प्रश्न. "सायलेन्सरच्या पत्र्याला भंगारवाला असे किती देणार?" तुमची उभी नोकरी एसटीच्या डिझेल गाड्यांखाली गेली, तेव्हा हा माल तुमच्या पान्ह्याखाली आला नाही. हा डबा इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये असतो. आत सिरॅमिकची वीट, तिच्यात आरपार शेकडो बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल आत शिरतं, बाहेर पडतं ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. एवढं सगळं घडवून आणून धातू स्वतः नामानिराळे! भरतात जेमतेम काही ग्रॅम, पण २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या दसपटीहून जास्त. पुढे भाव कोसळला, तरी चोरांची सवय गेली नाही. बॅटरीवरची करवत, एक जॅक आणि दोन-तीन मिनिटं, एवढंच भांडवल लागतं. त्यातून हायब्रिड गाडीचं इंजिन अधूनमधून विश्रांती घेत असल्यानं तिचं कॅट कमी झिजतं, म्हणून प्रायसवर विशेष लोभ.

आणि हे भुरटं काम राहिलेलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या केंद्र सरकारच्या तपास यंत्रणांनी पाच राज्यांत मिळून २१ जणांना पकडलं किंवा आरोपी केलं आणि चोरीच्या कॅटच्या धंद्यातली साडेचौपन्न कोटी डॉलरची मालमत्ता जप्त करायची मागणी केली. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२३ पासून भंगारवाल्यांना बंधनं घातली: वाटेल त्या माणसाकडून सुटं कॅट विकत घ्यायचं नाही, आणि ते कोणत्या गाडीचं याची नोंद ठेवायची. पोलीस ठिकठिकाणी शिबिरं भरवून कॅटवर गाडीचा नंबर फुकट कोरून देतात. आपल्या भाऊसाहेबांच्या मानेतही जनावरांच्या डॉक्टरांनी चिप बसवली आहे. त्यामुळे या घरात आता नोंदणी नसलेला प्राणी मीच तेवढी उरले.

बरं, कॅटशिवाय गाडी चालवावी म्हटलं तर कायदा आडवा येतो. दर दोन वर्षांनी जुन्या गाडीचं 'स्मॉग चेक' होतं. तुमच्या पीयूसीसारखंच, पण इथला माणूस नुसती नळी खुपसून कागद देत नाही, वाकून खालचा डबा आणि त्यावरचा सरकारी मंजुरीचा क्रमांकसुद्धा बघतो. तो पास नाही, तर गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही. नवं कॅट बसवणं भाग होतं. ते कुठे बरं मिळेल हे विचारायला समोरचे आजोबा जावईबापूंना शनिवारी सकाळी एका बेकरीपुढच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. तिथे दर शनिवारी गाडीवेडे जमतात. बॉनेट उघडी टाकायची, हातात कॉफी धरायची आणि दुसऱ्याच्या इंजिनात डोकं घालून उभं राहायचं, असा कार्यक्रम.

जावईबापूंचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. इतकी वर्षं झाली या गल्लीत, पण शेजाऱ्याला हात हलवला की यांचा त्या दिवसाचा सामाजिक कार्यक्रम संपला. त्यांनी तिथे जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "माझं कॅट चोरीला गेलं." एक फिलिपिनो काका तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "अरेरे. कोणत्या रंगाचं होतं?"

आणि मग सगळे सुटले. समोरच्या आजोबांचा १९७२ चा ट्रक आहे. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅट आलं, त्याआधीच्यांना नाही. आजोबा म्हणाले, "मला मांजरांची ॲलर्जी आहे." (त्याहून मोठं सुख म्हणजे १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेकच नाही, त्यामुळे त्यांची छाती जरा जास्तच फुगलेली असते.) विजेच्या गाडीवाल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्याकडे कॅट नाही, म्हणून उंदरांनी वायरी खाल्ल्या." वायरी खरंच खाल्ल्या होत्या, बिलही खरं होतं. टर्बोवाला एक पोरगा म्हणाला, "मी माझं काढून टाकलं, तर घर डोक्यावर घेतंय." यावर आजोबांनी त्याला दंडाची रक्कम ऐकवली, कारण धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकायला केंद्राच्या कायद्यानंच मनाई आहे. कुणी म्हणालं, आमचं तुंबलंय. कुणी म्हणालं, आमच्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हाही कॅटचा खरा विकार बरं का, गंधकाचा. पण ऐकणाऱ्यानं विचारलं, "मग वाळू कधी बदललीत?"

गेले बरेच शनिवार हेच चाललंय. तेच विनोद, त्याच क्रमानं, तेच हसणारे. मी एकदा सोबत गेले आणि कंटाळून गाडीत जाऊन बसले. पण काचेतून बघितलं, तर आपल्या लग्नातसुद्धा फोटोग्राफरनं सांगितल्यावर हसलेला हा माणूस चक्क पोट धरून हसत होता. घरी लेकीलाही ती लागण झाली. गाडीच्या संगणकात 'पी ०४२०' असा एक कुप्रसिद्ध दोष आहे, त्याचा अर्थ कॅटची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली. तिनं तो आकडा रंगवून भाऊसाहेबांच्या गळ्यात अडकवला आहे. त्यांच्या बाबतीत मर्यादा कुठे ठेवावी, हाच प्रश्न आहे. तापून तापून झोपतात, पण कामाला म्हणून लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी शिकले, ती मिरजेतही उपयोगी पडेल. थंडीत मांजरं ऊब शोधत गाडीखाली, कधी थेट इंजिनापाशी जाऊन बसतात. त्यामुळे सकाळी निघताना बॉनेटवर दोन थापा मारायच्या. आमच्या गल्लीत आता सगळेच मारतात.

बाबा, त्या काचेतून बघताना मला तुमची डेपोची कँटीन आठवली. कुणाचं लग्न ठरलं की तुम्ही सगळे न चुकता विचारायचात, "पासिंग झालं का?" आई दर वेळी कपाळावर हात मारायची. नवा विनोद केला तर लोक त्याची पारख करतात. जुना केला तर नुसते सरकून जागा देतात. यांना इतकी वर्षं इथे बोलायला विषय नव्हता असं मला वाटायचं. विषय लागतच नव्हता, शिळा विनोद लागत होता.

आता पुढचं ऐका. समोरच्या आजोबांच्या नातीचं लग्न ठरलं. यांनी धीर करून तुमचा 'पासिंग'चा विनोद तिथे इंग्रजीत समजावून सांगितला. समजावून सांगितलेला विनोद मरतो म्हणतात, तसं झालं नाही. फिलिपिनो काकांनी कॉफी खाली ठेवली आणि आजोबांना विचारलं, "मुलाचं स्मॉग चेक झालं का?" तेव्हापासून तिथे कुणाच्याही घरी स्थळ येवो, नोकरी लागो की नातवंड होवो, हाच प्रश्न विचारतात. मिरज डेपोचा विनोद आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचे मूळ मालक उन्हाळ्यात येणार म्हणून तुमची वाट बघतायत.

तेव्हा तिकीट लवकर काढा. भाजणी आणि मेतकूट आणा. नवे विनोद आणू नका, इथे चालत नाहीत.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, पान्ह्यांचा संच आणल्याशिवाय तुम्ही राहणार नाही, हे मला माहीत आहे. निदान तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. आईच्या बॅगेत भाजणीखाली ठेवा.