पदवीधराचे छायाचित्र : प्रकार आणि उपयोग

विद्यापीठीय जीवनातल्या छायाचित्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत : कार्यालयाने मागितलेले आणि घरच्यांनी मागितलेले. पहिल्यात विद्यार्थी ओळखू यावा अशी अपेक्षा असते आणि तो ओळखू येत नाही. दुसऱ्यात तो ओळखू आला नाही तरी चालते, झगा ओळखू यावा लागतो. विद्यार्थ्याला स्वतःला आवडणारी छायाचित्रे मोबाइलमध्ये असतात. ती कार्यालयात चालत नाहीत आणि घरी दाखवता येत नाहीत.

पहिल्या प्रकाराचा पाया म्हणजे पासपोर्ट साइझ : साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. ‘अलीकडे काढलेले छायाचित्र’ असे अर्जात छापलेले असले तरी प्रत्यक्षात चिकटवले जाते ते दहावीला काढलेल्या संचातले उरलेले. त्यामुळे मिसरूड फुटण्यापूर्वीच्या चेहऱ्यावर दाढीवाल्याला प्रवेश मिळतो. नवे काढायचेच झाले तर स्टुडिओत खुंटीला एक कोट असतो. तो सर्वांना होतो, म्हणजे कुणालाच नीट होत नाही. छायाचित्रकार मान खाली, मग वर, मग जराशी डावीकडे करायला लावतो आणि मान पूर्ण आखडली की ‘हं, आता नॅचरल’ असे म्हणून बटण दाबतो.

पुढचा टप्पा साक्षांकनाचा. पूर्वी राजपत्रित अधिकारी अर्धी सही छायाचित्रावर आणि अर्धी कागदावर करून, ज्याला जन्मात पाहिले नाही असा मुलगा हाच, असे प्रमाणित करीत. २०१४-१५च्या सुमारास स्वयंसाक्षांकनाची सोय झाली. आता हा मीच, असे विद्यार्थी स्वतःच लिहून देतो. साक्षीदार त्यामानाने माहीतगार म्हणायचा. त्यानंतर कारकून अर्जाला स्टेपलर मारतो आणि पिन बरोबर कपाळावर बसते.

ऑनलाइन अर्जांमुळे पिनेचा त्रास गेला, पण किलोबाइटची अट आली. मोबाइलमधला काही एमबींचा फोटो पन्नास केबीत बसवताना आधी पार्श्वभूमी जाते, मग केस, मग नाकाची कड. उरलेला चेहरा आयकार्डावर, हॉल तिकिटावर आणि निकालपत्रावर वर्षानुवर्षे फिरतो. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक हॉल तिकीट पाहतात, मुलाकडे पाहतात, पुन्हा हॉल तिकीट पाहतात आणि वेळ कमी असल्यामुळे विश्वास ठेवतात. २०१७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी प्रमाणपत्रावरही विद्यार्थ्याचे छायाचित्र असावे असे विद्यापीठांना सुचवले, म्हणजे या चेहऱ्याला पदवीही मिळाली.

दोन्ही प्रकारांच्या मधोमध विभागाचा ग्रुप फोटो येतो. पुढच्या खुर्च्यांवर विभागप्रमुख आणि प्राध्यापक, मागे पायऱ्यांवर उंचीनुसार विद्यार्थी. खुर्च्यांचा क्रम सेवाज्येष्ठतेने ठरतो आणि त्यात फोटोपेक्षा जास्त वेळ जातो. वर्षभर तासाला न आलेला विद्यार्थी या दिवशी हमखास हजर असतो. रोज येणारा नेमका गावी गेलेला असतो आणि त्याचे नाव ‘छायाचित्रात नाहीत’ या शीर्षकाखाली छापले जाते.

दुसऱ्या प्रकाराचा कळस पदवीप्रदान समारंभात होतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि धर्तीबरोबर झगाही आला. लंडनच्या हवेसाठी शिवलेला हा पोशाख मुंबईच्या घामात भाड्याने मिळतो, अनामत रक्कम भरून. टोपी हवेत उडवण्याची प्रथा अमेरिकी नौदल अकादमीत १९१२ साली सुरू झाली असे सांगतात. टोपी भाड्याची असेल तर ती अनामतीच्या बेताने उडवली जाते. अशा फोटोत सगळे वर पाहत असतात. पालकांना त्यात भविष्याकडे लागलेले डोळे दिसतात, मुलांचे डोळे टोपी झेलण्यावर असतात.

मुंबईत पार्श्वभूमीला राजाबाई टॉवर हवाच असतो. तो सुमारे २८० फूट उंच आहे. टॉवर पूर्ण घेतला तर पदवीधर मुंगीएवढा येतो आणि पदवीधर नीट घेतला तर मागे नुसती दगडी भिंत उरते, जी कुठल्याही गावच्या कचेरीची असू शकते. बहुतेक कुटुंबे टॉवर निवडतात.

पुण्यात झग्याऐवजी भारतीय पोशाख आला, तेव्हा प्रश्न संपला असे वाटले. पण २०१९च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी, यावर वाद झाला. पोशाख कोणताही आणा, डोके शिल्लक राहतेच.

झग्यावाचून गाजलेले छायाचित्रही मराठी माणसाला ठाऊक आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केइ ओकामी किमोनोत आणि सिरियाच्या सहाध्यायी आपल्या देशी पेहरावात बसल्या आणि फोटो निघाला. पुढल्या वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. तिघींपैकी कोण कुठली, हे आजही पाहताक्षणी कळते. झगेवाल्यांच्या फोटोत मात्र आपला मुलगा शोधायला आईलाही चष्मा लागतो.

समारंभानंतर या छायाचित्राचे उपयोग तीन. चौकातल्या फ्लेक्सवर ते ‘हार्दिक अभिनंदन’च्या खाली छापले जाते आणि शुभेच्छुकांचे फोटो त्याहून मोठे असतात. लग्नाच्या बायोडाटात ते शिक्षणाचा पुरावा म्हणून जाते. झग्यामुळे पोटाचा अंदाज येत नाही, ही जादा सोय. आणि दिवाणखान्यात ते दारासमोरच्या भिंतीवर लागते. आलेला पाहुणा त्याकडे पाहून कौतुकाने मान हलवतो आणि ‘मग हल्ली काय करतो?’ असे विचारतो. घरातले कुणीतरी चहा टाकायला उठते.