तारीखकाका

तारीखकाका जुईनगरच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. निवृत्ती, मुलाने वापरून सोडलेला लॅपटॉप आणि सोसायटीचे मानद सचिवपद यांचा योग जुळला की ते तयार होतात. पाणी, पार्किंग, गळती हे विषय बाकीच्या कमिटीसाठी. यांचा शत्रू एकच, अमेरिकी पद्धतीची तारीख. ०४/०५ म्हणजे चार मे हे उघड सत्य. अमेरिकी सेटिंगचा संगणक मात्र त्याला पाच एप्रिल समजतो.

शेजारी आउटलुकच्या मेनूत तारीख बदलायची सोय शोधू लागला की काका चहा संपेपर्यंत त्याला शोधू देतात. मग सांगतात की डेस्कटॉपवरचे जुने आउटलुक तारखेची मांडणी विंडोजकडून घेते, तेव्हा आधी कंट्रोल पॅनेल, तिथे ‘रीजन’. साच्यात ‘एम’ मोठा लिहिला तर महिना, लहान लिहिला तर मिनिटे. हा बारकावा ते लिफ्टमध्येही सांगतात. लिफ्ट अडकली तर उदाहरणांसह. जीमेलची भाषा अमेरिकी इंग्रजीवरून ब्रिटिश इंग्रजीवर नेली की दिवस आधी येतो, आणि ब्रिटिशांचे एवढे उपकार ते मानतात. गूगल कॅलेंडर त्यातल्या त्यात सज्जन. मांडणी त्याच्या सेटिंगमध्येच निवडता येते.

काकांच्या फाइलींची नावे मात्र वर्ष-महिना-दिवस अशी, १९८८ च्या आयएसओ ८६०१ मानकानुसार. नावानुसार लावल्या की आपोआप तारीखवार लागतात. घरात हे मानक चालत नाही. तिथे स्वयंपाकघरातले कालनिर्णय चालते. त्यावर दुधाचे खाडे असतात आणि त्याला हात लावायची काकांना परवानगी नाही.

काकांचा हंगाम दर महिन्याच्या १ ते १२ तारखेचा. १३ नंतर गोंधळ उरत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ५/५ सारख्या जुळ्या तारखा वगळल्या तर वर्षात फसव्या तारखा १३२. त्यातलीच एखादी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या वाट्याला येते. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची. ऑगस्टच्या मध्यावर ई-मेलने ‘८/९’ गेले, तर काही सभासद ९ ऑगस्टची सभा होऊन गेली असे मानून निवांत राहतात. कोरम न भरण्याचे कारण एरवीही तारीख नसते, हे काकांना पटत नाही. तरी नोटीस त्यांनीच काढावी. ते महिना अक्षरांत लिहितात, ‘८ सप्टेंबर’, आणि त्याला कुठलेही सेटिंग लागत नाही.