सर्वांस कळविण्यात येते की...

गुहागर हे गाव लांबीला भरपूर आणि रुंदीला बेताचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मध्ये एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आणि घरांमागे नारळी-पोफळींची आगरं. अशा गावात बातमीला चालायला वाट एकच. ती वरच्या पाटात निघायची, ओटीओटीवर टेकायची, चहा घ्यायची आणि खालच्या पाटात पोचेपर्यंत अंगाने चांगली भरायची. वरच्या पाटात ज्याच्या पायाला ठेच लागलेली असे, त्याला व्याडेश्वराच्या देवळापाशी प्लास्टर पडे आणि खालच्या पाटात त्याला डेरवणच्या इस्पितळात हलवलेलं असे.

आमंत्रणाचं मात्र तसं नव्हतं. तिथे शब्दाची हेळसांड चालत नसे. मुंज असो की देवळातला उत्सव, बोलावणं करणारा घरोघर जायचा, ओटीवर बसायचा, अक्षत द्यायचा आणि स्पष्ट सांगायचा, 'घरटी एक' किंवा 'चूलबंद'. घरटी एक म्हणजे घरातून एकाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांनी पानावर बसायचं. या हिशेबावर आचारी तांदूळ मोजायचा. बोलावणं करणारा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पोटात इतका चहा आणि कोकमसरबत असे, की त्याची स्वतःची चूल आपोआप बंद राही.

आता आमंत्रण ग्रुपवर येतं. 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.' खाली हात जोडलेले, त्याखाली कमळ. चूल बंद करायची की नुसती बारीक, याचा खुलासा नाही.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, गेल्या उत्सवात प्रसादाला आले नाहीत. ऐंशी उलटलेला माणूस, पण फोन हातभर लांब धरून ग्रुपवरचं अक्षर न् अक्षर वाचतो. मी विचारलं, "नाना, जेवायला आला नाहीत?"

"बोलावलं कुठे कोणी?"

"ग्रुपवर होतं की! तुम्ही वाचलंत. निळ्या खुणा दिसल्या मला."

"वाचलं ना. 'सर्वांनी यावे' असं होतं. गेले असतील सर्व. मला कोणी सांगितलं, ते सांग."

याला उत्तर नव्हतं. नाना हट्टी आहेत हे खरं; पण एकगठ्ठा मेसेजांचा सगळा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा आहे, हेही खरं.

जगातला पहिला मोबाइल मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने रिचर्ड जार्विस यांना पाठवला. मजकूर काय, तर नाताळच्या शुभेच्छा. म्हणजे हे बाळ जन्मलं तेच शुभेच्छा देत. पुढे आपण जे भोगलं ते त्याच्या पत्रिकेतच होतं. पण तो मेसेज एकाने एकालाच धाडला होता. शिवाय तेव्हाच्या फोनवर मजकूर टाइप करायची सोय नव्हती, पॅपवर्थने संगणकावरून काम भागवलं. त्यामुळे जार्विससाहेबांवर 'आपणासही सहकुटुंब' असं लिहिण्याची पाळी आली नाही. शुभेच्छा आल्या आणि विषय संपला, हे सुख त्यानंतर कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

मेसेजला १६० अक्षरं पुरेत, हे ठरवलं जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी. १९८५ साली ते टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहीत बसले, अक्षरं मोजली, लोकांची पोस्टकार्डं धुंडाळली आणि या निष्कर्षाला आले की माणसाला जे सांगायचं ते एवढ्यात सांगून होतं. हे गृहस्थ कोकणात आले नसणार. आमच्याकडे एवढ्या अक्षरांत नुसती पावसाची चौकशी होते; मूळ कामाला अजून हात लागलेला नसतो. त्यातून ही चैन रोमन अक्षरांना. देवनागरीत लिहिलं की मेसेज ७० अक्षरांत संपायचा, आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यात वेगवेगळी मोजली जायची. पुढे लिहाल तर दुसऱ्या मेसेजचे पैसे.

पैशाचा प्रश्न आला तेव्हा गावाने लिपी सोडली आणि रोमन अक्षरांत मराठी सुरू केलं. त्या लिपीत भट आणि भात यांचं स्पेलिंग एकच. आमच्या वाडीत एकाने सत्यनारायणाच्या आदल्या रात्री सगळ्यांना मेसेज केला, की उद्याला भट मिळालेला नाही, कोणाकडे असल्यास पाठवावा. सकाळी यजमानांच्या ओटीवर तांदळाच्या पिशव्या आणि पातेलंभर वाफाळता भात हजर. भटजी तेवढे नव्हते. माणसं मदतीला तत्पर होती. कोणाला काय मागितलंय एवढंच कळायला मार्ग नव्हता.

सरकारनेही एकगठ्ठा मेसेजचा धसका घेतला होता. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या निकालाच्या तोंडावर अशा मेसेजना देशभर बंदी झाली. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने एका सिमकार्डावरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली आणि थोड्याच दिवसांत ती २०० वर नेली. रोख होता जाहिरातवाल्यांवर; सापडले उत्सवांचे चिटणीस. मर्यादा भरली की फोन गप्प. मग मुलाचं सिम, मग सुनेचं सिम. सुनेच्या नंबरावरून 'आरतीस वेळेवर उपस्थित राहावे' असा हुकूम सुटल्यावर गावात तिच्याविषयी जो धाक बसला, तो अजून टिकून आहे. सणाच्या दिवशी कंपन्या सवलतीचा पॅक बाजूला ठेवून मेसेजला पुरता दर लावत. म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा वसुबारसेच्याही आधी येऊन पडत. चार पैसे वाचत असतील तर आम्ही नरकासुरालाही दोन दिवस आधी मारू.

मग व्हॉट्सॲप आलं, डेटा स्वस्त झाला आणि शंभर-दोनशेचा हिशेबच संपला. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये ५१२ आणि त्याच वर्षात १०२४. आता उत्सवाचा ग्रुप वेगळा, आगरवाल्यांचा वेगळा, लाईटचा वेगळा, कुळाचा वेगळा. व्याडेश्वर कित्येक घराण्यांचा कुलदेव, त्यामुळे कुळाच्या ग्रुपवर पुणे, ठाणे आणि न्यू जर्सी एका पंगतीला असतात. इथे सकाळची पूजा चाललेली असताना तिकडून 'शुभ रात्री' येतं, आणि देवासमोर बसलेला माणूस उगाच जांभई देतो.

ग्रुपचा ज्याला कंटाळा, तो ब्रॉडकास्ट यादी करतो. एकच मेसेज २५६ जणांना, पण प्रत्येकाला वाटतं खास आपल्यालाच. यातली मेख अशी, की ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. मुंबईत जाऊन मोठे झालेले आमचे एक गाववाले गणपतीला यायच्या आधी गावभर असा मेसेज सोडतात. कितीजणांकडे पोचला, हे त्यांनी सांगितलेलं नाही. पण हल्ली ते आले की रस्त्यात थांबून लोकांना आपला नंबर लिहून घ्यायला लावतात.

लाईटचा ग्रुप हे तर पावसाळी प्रकरण. पहिल्या वळवाला लाईट जाते, काही वेळाने टॉवरची बॅटरीही मान टाकते. त्या काळोखात वाडीतला प्रत्येकजण 'लाईट गेली का?' असं लिहून ठेवतो. ते कोणालाच पोचत नाही. पहाटे लाईट येते, टॉवर जागा होतो, आणि लख्ख दिव्याखाली साखरझोपेतल्या गावाचे फोन एका सुरात विचारू लागतात, 'लाईट गेली का?' वायरमन बिचारा रात्रभर खांबावर भिजून नुकता आडवा झालेला असतो. त्याला सगळ्यात आधी जाग येते.

आगरवाल्यांचा ग्रुप मात्र कामाचा. 'वांदर आले' एवढंच लिहायचं आणि कुठल्या आगरात ते सांगायचं. गाव सरळ रेषेत असल्यामुळे पुढचा नंबर कोणाचा, हे सांगावं लागत नाही. फक्त हा मेसेज लिहिण्याची वेळ ठरलेली आहे. वांदर आपल्या आगरात असेपर्यंत कोणी फोन हातात घेत नाही. दोन्ही हातांनी डबे वाजवायचे असतात. टोळी गडग्यापलीकडे हाकलली, की मग शेजारधर्म म्हणून लिहायचं, 'वांदर तुमच्या बाजूला येत आहेत, सावध राहावे.' कोणी आणून सोडले, याचा उल्लेख नसतो.

खरी गंमत 'उद्या'ची. 'उद्या धोपाव्याची फेरीबोट बंद राहील.' मेसेज चार ग्रुपांवरून फिरून येतो. २००३ पासून ही बोट गाड्यांसकट दाभोळला पोचवते. ती नसेल तर दापोलीला जाणाऱ्याने चिपळूण-खेड असा वळसा मारायचा. म्हणून लोक पहाटे उठून वळशाने जातात आणि मागाहून त्यांना कळतं, की बोट झोकात चालू होती. मेसेज गेल्या महिन्यातला होता. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, काही नाही. तारीख नसलेल्या मेसेजला मरण नसतं. त्यातला 'उद्या' रोज सकाळी नव्याने उद्याच राहतो. 'उद्या पाणी येणार नाही' या मेसेजच्या जोरावर आमच्या काकूंनी एवढी पिंपं भरून ठेवली, की पाणी आलं तेव्हा ठेवायला भांडं नव्हतं.

इथवर हसण्यासारखं आहे. पण याच बेवारशी मेसेजांनी जीवही घेतले आहेत. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या अफवेपायी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा पाचांवर आणली. यंत्राने तेवढं केलं. मेसेज कुठून आला, हे विचारण्याचं काम यंत्राचं नव्हतं, आपलं होतं. ग्रुपच्या ॲडमिनकडे बोट दाखवूनही भागत नाही. सदस्याने काय टाकलं त्याची जबाबदारी नुसता ॲडमिन म्हणून त्याच्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. आमच्या ॲडमिनने ती बातमी तत्काळ ग्रुपवर लावली आणि त्यानंतर तो कधी नव्हे इतका प्रसन्न दिसू लागला.

मेसेज लिहिणाऱ्याचा नाही, पाठवणाऱ्याचा नाही. वाचणाऱ्याचा तरी असावा? तेही नाही. उत्सवाआधी चिटणिसांनी लिहिलं, 'उद्या सकाळी सात वाजता मांडव घालण्यास सर्वांनी यावे.' खाली अंगठ्यांची रांग लागली. न्यू जर्सीहूनही अंगठा आला. सकाळी सातला देवळात चिटणीस आणि गुरव असे दोघे, शिवाय बांबू. बाकी प्रत्येकाचा हिशेब एकच होता: एवढे अंगठे आहेत, आपल्या एकट्यावाचून काय अडणार? हात वर करणारे भरपूर असले की बांबू उचलणारा हात मिळत नाही.

चिटणीस नानांकडे रडगाणं घेऊन आले. नाना म्हणाले, "ग्रुपवर लिहिणं म्हणजे मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिणं. येणारा-जाणारा वाचतो आणि म्हणतो, लिहिलंय हो कोणीतरी. फोन लाव एकेकाला. नाव घे. म्हण, तुझ्यावाचून अडलंय." चिटणिसांनी तिथेच बसून फोन लावले. ज्यांनी अंगठा दाखवला होता तेच पंचा खांद्यावर टाकून आले, आणि दुपारच्या आत मांडव उभा राहिला. त्यातल्या दोघांनी तर ऐकवलं, "आधी सांगायचं नाही का? मी मोकळाच होतो."

आणि नाना? ते स्वतः बांबू धरायला आले होते. त्यांनाही फोन गेला होता, समोर बसलेले असताना, चिटणिसांकडून. त्यांनी तो रीतसर उचलला, "कोण बोलतंय?" असं विचारलं आणि येतो म्हणाले.

तेव्हा वाचकहो, वांदर, लाईट आणि फेरीबोट खुशाल ग्रुपवर टाका, पण तारीख घालून आणि खाली आपलं नाव लिहून टाका. तारीख किंवा नाव नसलेला मेसेज आला, तर तो तुमच्याकडेच मरू द्या, पुण्य लागेल. जेवायला बोलवायचं असेल किंवा ओझं उचलायला हात हवा असेल, तर चपला घाला आणि जा. घर लांब असेल तर फोन करा, नाव घेऊन बोला. हे सगळं सर्वांसाठी लिहिलंय असं समजून अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. मी तुम्हालाच सांगतोय.