फावल्या वेळचा पेटीवाला: बोईसर-नवापूर परिसरासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी? ज्यांचं मूळ घर नवापूर गावात, फ्लॅट बोईसरला नवापूर नाक्याजवळ, नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, आणि ज्यांना शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी "तुला सुराची जाण आहे हं" असं म्हणून गेलं, त्यांच्यासाठी. ते कोण म्हणालं होतं याचा आता शोध घेऊ नका. नुकसान होऊन गेलेलं आहे. खालच्या पायऱ्या नेटाने पाळल्यात तर निवृत्तीच्या आत तुम्ही एक आख्खं गाणं, मधे एकदाही न उठता, वाजवू शकाल.

१. वाद्य निवडा

म्हणजे नको ती आधी वगळा. पालघर जिल्ह्यात राहून तारपा का शिकत नाही, असं मुंबईचे पाहुणे हमखास विचारतील. त्यांच्याकडे वारली चित्रांची चादर असते, त्यामुळे त्यांना अधिकार पोचतो. त्यांना शांतपणे सांगा की तारपा म्हणजे वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण, इतकं साधं प्रकरण आहे. अवघड फक्त वाजवणं. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक फुंकर तोडतच नाहीत, अख्खा नाच त्या एका श्वासामागे फिरत असतो. तुमचा श्वास कंपनीच्या बसमागे धावताना रोज तुटतो. शिवाय औद्योगिक वसाहतीतली हवा इतक्या मोठ्या प्रमाणात छातीत भरणं वैद्यकीय सल्ल्याशिवाय नकोच.

तबला नको, खालच्या मजल्यावर माणसं राहतात. गिटार नको, ती पुतण्या मागून नेतो आणि मग गिटार आणि पुतण्या दोघेही दिसत नाहीत. कीबोर्ड आणि कराओके तर अजिबात नको, त्यांना वीज लागते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आपल्याच किनाऱ्यावर उभं आहे, हे खरं. तिथे अणू फुटतो आणि इथे दुसऱ्या कडव्याला दिवे जातात. ती वीज थेट पश्चिम ग्रीडला जाते, असं त्याचं शास्त्रीय उत्तर आहे. ते कराओकेच्या मशिनला समजावून पाहा.

तेव्हा पेटीच घ्या. तिला वीज लागत नाही, रोज सूर जुळवावे लागत नाहीत, आणि स्वर चुकला तरी चुकीचा स्वर अगदी सुरात वाजतो. फक्त एक गोष्ट गुप्त ठेवा. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, वगैरे कारणं होती. असं सरकारी पातळीवर करता येतं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला कळता कामा नये.

२. निगा राखा

पेटी जुनीच घ्या. विकणारा "सूर पालिताण्याचे आहेत" असं सांगेल. सगळेच सांगतात. तुम्हीही पुढे सांगाल.

आता खारी हवा. पट्ट्यांखाली पितळेचे सूर असतात. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट पूड धरते, लाकूड फुगतं आणि एखादी पट्टी खाली जाऊन वर यायला नकार देते. मग तुम्ही काहीही वाजवा, मागे तेवढा कोमल निषाद अखंड रडत राहतो. घाबरू नका. वरची फळी उघडा, ती पट्टी शोधा, एक पातळ व्हिजिटिंग कार्ड तिच्या झडपेखाली हलकेच सरकवा आणि ओढून घ्या. कचऱ्याचा बारीक कण बाहेर येईल, कधी मुंगी येईल. कार्ड कंपनीच्या सेल्स मॅनेजरचं घ्या, ते गुळगुळीत असतं. आजवर त्या कार्डाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झालेला नाही. भात्याला उंदीर लागू नये म्हणून पेटी उंचावर ठेवा, म्हणजे कपाटावर, म्हणजे काढायला स्टूल लागेल, म्हणजे काढली जाणार नाही. भाता दीर्घकाळ टिकतो तो असा.

नवापूरकरांसाठी खास सूचना: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. भाऊ, चुलते, मेव्हणे सगळे किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले, भजनाला हवे तितके गळे मोकळे. नेमके त्याच दोन महिन्यांत पेटी सर्दीने बसते. ऑगस्टमध्ये तिचा आवाज मोकळा होतो, आणि नारळी पौर्णिमेचा नारळ वाहून गळे समुद्रावर जातात. याला इलाज नाही. वेळापत्रकात तशी नोंद करून पुढे चला.

३. वेळ काढा

संगीतशास्त्राने दिवसाचे आठ प्रहर केले, कारखान्याने तीन शिफ्ट केल्या. दोन्हींचा मेळ बसवणं ही खरी साधना.

फर्स्ट शिफ्ट, सात ते तीन: पहाटे भैरव वाजवा. त्याच वेळी नळाला पाणी येतं, डबा भरायचा असतो आणि बस नाक्यावर सव्वासहाला असते, एवढं सांभाळा. तीनला सुटून घरी आलात की भीमपलासीची वेळ. या रागाच्या आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य आहेत. जेवण झालेलं असेल तर बाकीचेही आपोआप वर्ज्य होतात आणि घोरणं सुरू होतं.

सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा: यमनाची वेळ प्लान्टमध्ये जाते. वाया घालवू नका. रिअ‍ॅक्टरचा अ‍ॅजिटेटर ज्या आवाजात घुमतो तो नीट ऐका. बहुतेक काळी एकच्या किंचित खाली असतो. त्याला षड्ज माना आणि मनातल्या मनात आलापी करा. इतका न थकणारा तंबोरा भल्याभल्या गवयांना मिळालेला नाही. मात्र लॉगशीटवर तापमानाच्या रकान्यात ६५ लिहायचं तिथे 'पमग' लिहू नका. क्वालिटीवाले त्याचं डेव्हिएशन काढतात, आणि 'कारण' या रकान्यात यमन लिहून चालत नाही.

नाइट, अकरा ते सात: मालकंस कंपनीला दान. सकाळी आठला घरी याल तेव्हा तोडीची वेळ असेल आणि कुकरची तिसरी शिट्टी असेल. शिट्टी बहुधा तार सप्तकात असते. तिच्याशी जुगलबंदी करू नका.

मध्यरात्री घरी येऊन वाजवावं, असा विचार मनात येईल. तो झटका. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, असं ध्वनिप्रदूषण नियम २००० सांगतात. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. पन्नाशीतली पेटी भाता जोरात मारला की रात्रीची मर्यादा पहिल्याच सुरात ओलांडते आणि शेजारचे काका कायद्याचं कलम घेऊन दारात येतात. नाक्यावरच्या हळदीचा डीजे किती ओलांडतो, हे मोजायचं नसतं. तिथे हेच काका नाचत असतात.

शिफ्ट दर आठवड्याला फिरते, क्लास फिरत नाही. म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा तुम्ही सरांपुढे बसाल, आणि दर वेळी सर विचारतील, "आपण भूप कुठवर आणला होता?" दोघांनाही आठवणार नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पाच स्वरांचा राग पाच वर्षं पुरतो तो या पद्धतीने.

४. घरच्यांना विश्वासात घ्या

"अर्धा तास बसतो जरा" असं कधीही जाहीर करू नका. जाहीर केलेला अर्धा तास ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यात ताबडतोब गॅसचा नंबर लावायचा असतो, आईची बीपीची गोळी संपलेली असते, आणि गावाहून निरोप येतो की मावरं आलंय, लगेच घेऊन जा, बर्फ वितळतोय. त्यापेक्षा काही न बोलता बसा. पकडले गेलात तर "धूळ पुसतोय" म्हणा आणि तशीही धूळ पुसून घ्या.

संध्याकाळी सात ते दहा मालिका. त्याआधी मुलांचा अभ्यास. मजल्यावर एखादं तरी मूल कायम दहावीत असतं; ते पास होईपर्यंत दुसरं तयार होतं.

इतके नोकरी सांभाळून मोठे झालेच की, असा दाखला द्यावासा वाटेल. वसंतराव देशपांड्यांचं नाव तुमच्या ओठांवर येईल. लष्करी हिशेब खात्यात त्यांनी वर्षानुवर्षं कारकुनी केली आणि गाणंही केलं, हे खरं. पण गोष्ट इथेच संपवा. त्यांनी १९६५ मध्ये ती नोकरी सोडली आणि दोन वर्षांत 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं, हा उत्तरार्ध घरात उच्चारू नका. फ्लॅटच्या हप्त्याची तारीख लगेच काढली जाते.

इथे एक सूचना द्यावी लागेल. तुम्ही बाई असाल, नोकरी करणारी किंवा घर बघणारी, तर या मार्गदर्शिकेचा तुम्हाला उपयोग नाही. वरचं सगळं "फावला वेळ" या गृहीतावर उभं आहे आणि तुमच्या दिवसात तसा रकाना छापलेलाच नसतो. तुमच्या नवऱ्याने पेटीसाठी चोरलेला अर्धा तास नेमका कुठून आला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा डबा तुम्हीच भरला होता.

५. परीक्षेला बसा

छंद म्हणून वाजवणाऱ्याला घरात पत नसते, प्रमाणपत्राला असते. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतलं अखिल भारतीय मंडळ १९३१ पासून कारभार बघतं. पायऱ्या अशा: प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद, मग अलंकार. तुमच्या शिफ्टच्या वेगाने मोजलंत तर विशारद आणि पीएफ साधारण एकदमच हाती येतात.

प्रारंभिकला तुमच्या पुढे नऊ वर्षांची मुलगी बसलेली असेल, मागे तिचा धाकटा भाऊ. कुणीतरी तुम्हाला "पालकांनी बाहेर थांबा" म्हणेल. थांबू नका, आवेदनपत्र दाखवा. त्रितालाची टाळी-खाली हातावर देताना मुलीकडे बघत राहिलात तर काम होतं. ती चुकत नाही.

६. लोकलचा लाभ घ्या

नोकरी मुंबईकडे असेल तर तुमचं नशीब थोर. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. आधी विरारला उतरून शटल धरावी लागे. पश्चिम रेल्वेच्या डब्यांत भजनी मंडळं जमतात, त्यांत शिरा. बसायला मिळेल असं नाही, पण उभ्याने टाळ वाजवायला मिळेल. पहिले सहा महिने टाळ, मग पत्र्यावर बोटांनी ठेका, मग एखादा अंतरा. अंतरा विसरलात तर वैतरणेच्या पुलापर्यंत रेटा. गाडी पुलावर चढली की कुणालाच काही ऐकू येत नाही. चुकीचे बोल तिथे उरकून घ्या आणि सफाळ्याला समेवर या.

७. मैफल करा

हळदीला पेटी घेऊन जाऊ नका. तिथे आधी धवलारीण बायांचा धवला असतो, आणि तो कुठल्या पट्टीत आहे हे शोधायला गेलात तर त्या तुम्हाला हाकलतील, रास्तपणे. त्यांच्यानंतर बेंजो पार्टी, तिच्यानंतर डीजे. मधे फट नाही.

गणपतीत मात्र संधी असते. आरती संपल्यावर आणि प्रसाद येण्याआधी सात मिनिटं मोकळी पडतात. मंडळाचे अध्यक्ष "आपल्यातलेच एक कलाकार" अशी ओळख करून देतील आणि आडनाव चुकवतील. साउंडवाला विचारेल, "पेटीला माइक लागतो का?" हो म्हणा. तो माइक तुमच्या तोंडासमोर लावेल. तो खाली सरकवायला उठू नका, सात मिनिटांतली तीन त्यात जातात. वाजवा. मानधन म्हणून नारळ मिळेल, टाळ्या शिऱ्याला मिळतील.

८. पेटी विकायची वेळ आली तर

ती येतेच. दिवाळीची साफसफाई, कपाटावर जागा नाही, घरात एकमत. फोनवर जाहिरात टाका. दोन दिवसांत गिऱ्हाईक येईल: दुसऱ्या कुठल्यातरी प्लान्टमधला नाइट शिफ्टवाला, डोळे लाल, खिशात गेटपास. तो म्हणेल, "जरा वाजवून दाखवता का?"

दाखवा. घरचे सगळे पेटी जायच्या आनंदात आहेत, त्यामुळे कुणी टोकणार नाही, टीव्ही बंद असेल, पाहुण्यासाठी चहा टाकलेला असेल. निवांत बसा. भूप घ्या, तो पाठ आहे. पट्टी अडकणार नाही, निषाद रडणार नाही. अंतरा घ्या. ताना घ्या. गिऱ्हाईक मांडीवर ताल धरेल, आई आतून येऊन दारात उभी राहील. पुरतं मनासारखं झालं की भाता लावा, पट्टा अडकवा आणि किंमत जाहिरातीपेक्षा पाच हजारांनी जास्त सांगा. सूर पालिताण्याचे आहेत म्हणावं.

गिऱ्हाईक चहा पिऊन जातं. जाहिरात काढू नका. शुक्रवारी सुट्टी असेल तर दुसऱ्याला शुक्रवारीच बोलवा.