चरबीची फाइल

आमच्या सोसायटीच्या बाकड्यावर पूर्वी गुडघ्यांची चर्चा चाले, हल्ली बी-ट्वेल्व्हची चालते. ‘मुलगा कितवीत?’ च्या चालीवर ‘तुमचं किती?’ असं विचारतात. ज्याचं सगळ्यांत कमी, त्याला मधली जागा. हे जीवनसत्त्व येतं मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दुधातून; त्यामुळे आमच्याकडे कमतरता म्हणजे सोवळं पाळल्याचं प्रमाणपत्रच.

शेजारच्या अण्णांचा प्रश्न मात्र पोटाचा. भाच्याने त्यांना जिममधून कार्निटीन आणून दिलं, सोबत बी-कॉम्प्लेक्स. अण्णा गोळ्या घेऊन आरामखुर्चीत बसले आणि चरबी जळायची वाट बघू लागले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे फोन. “मास्तर, कावीळ झाली! लघवी पिवळीधमक!”

“डोळे पिवळे आहेत का?”

“नाहीत.”

“मग रायबोफ्लेविन आहे ते. शरीराने हवं तेवढं ठेवलं, बाकीचं साभार परत.”

“म्हणजे पैसे वाहून गेले?” आवाजातली चिंता आता खरी होती.

जन्मभर जीवरसायन शिकवल्यामुळे मला राहवलं नाही. त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, अण्णा, चरबी जळणं म्हणजे सरकारी कचेरीत फाइल हलणं. आधी फाइलीवर कोएन्झाइम-ए चा शिक्का लागतो. तो शिक्का बनतो बी-फाइव्हपासून, आणि ते जवळपास प्रत्येक अन्नात असतं, म्हणून त्याचं कुणालाच कौतुक नाही. मग लांबलचक फाइल मायटोकॉन्ड्रियाच्या दारात अडते. ती आत नेणारा शिपाई म्हणजे कार्निटीन. हा शिपाई शरीर घरीच तयार करतं, यकृतात आणि मूत्रपिंडात. त्याला लागतात लायसिन, मेथिओनिन, लोह आणि सी जीवनसत्त्व. म्हणजे वरण-भात आणि वर पिळलेलं लिंबू. आत गेल्यावर फाइलीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि निघालेला हायड्रोजन बी-टू, बी-थ्री हे कारकून उचलून नेतात.

“आणि बी-ट्वेल्व्ह?”

“रक्त आणि मज्जातंतूंच्या खात्यात मोठा साहेब. इथे फक्त विषम कार्बनसंख्येच्या फायली बघतो. आपल्या तेला-तुपात त्या क्वचितच.”

बाकड्याच्या दैवताची ही पायरी ऐकून अण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “ही केसांसाठी बायोटिन घेते.”

“बायोटिन चरबी *बनवण्याच्या* पहिल्याच टप्प्यावर लागतं.” हे वाक्य वहिनींच्या देखत बोलायला नको होतं, हे मला चहा न आल्यावर समजलं. (केवळ बायोटिनने कुणी जाड होत नाही, हा खुलासा मी दारातून केला.)

“पण शिपाई वाढवले तर फायली भराभर जातील ना?”

“वरून मागणीच नसेल तर शिपाई बाकावर तंबाखू मळत बसतात. एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी. त्या खर्च करायला कुणीतरी हललं पाहिजे.”

तेवढ्यात वहिनींनी दळणाचा डबा अण्णांसमोर आदळला. “अहो, आली बघा मागणी. उठा.”

गिरणी समोरच्याच गल्लीत आहे. अण्णा उठले, डबा उचलला आणि म्हणाले, “मास्तर, जरा तुमच्या स्कूटरची किल्ली द्या.”