खासगीपण घरच्या घरी कसे संपवावे

आजही आपल्यात काही माणसे अशी आहेत, की ज्यांची जन्मतारीख त्यांची बायको आणि विम्याचा एजंट सोडून कुणालाच ठाऊक नाही. ती कुठे राहतात, काय खातात, कुठल्या डॉक्टरकडे जातात याचा कुठे पत्ता लागत नाही. हे मार्गदर्शन अशा मागे पडलेल्या मंडळींसाठी आहे. काम अवघड नाही. त्याला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, बुद्धी तर मुळीच लागत नाही. एक स्मार्टफोन, एक आधार कार्ड आणि ‘नाही’ म्हणण्याचा संकोच एवढ्या भांडवलावर भागते. यातला संकोच बहुतेक घरांत वडिलोपार्जित असतो.

सुरुवात दुकानाच्या काउंटरवरून करावी. लक्ष्मी रोडवर रुमालांची जोडी घेतली, तरी बिल करणारी मुलगी मान वर न करता ‘नंबर?’ एवढेच म्हणते. इथे ‘कशाला?’ असे विचारणे चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही. मागे रांग असते, रांगेतले लोक घड्याळ बघत असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले होते, की मोबाइल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. आपण ते वाचलेले नाही असे समजावे. दुकानदाराने तसे केव्हाच समजून घेतलेले असते. नंबर मोठ्याने, आकडे सुटे सुटे करून सांगावा, म्हणजे रांगेतल्यांचीही सोय होते. दिवाळीच्या प्रदर्शनात लकी ड्रॉची काचेची पेटी दिसली, तर कूपन भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस विचारलेला असतो, बक्षीस कुकरचे असते. कुकर कुणाला लागल्याचे ऐकिवात नाही. मात्र लग्नाच्या वाढदिवशी पहिली शुभेच्छा गृहकर्ज देणाऱ्या कंपनीकडून येते, नवऱ्याच्या बऱ्याच आधी.

हात बसला, की आधार कार्डाकडे वळावे. मूळ कार्ड कपाटात कुलपाआड ठेवावे आणि झेरॉक्स गावभर वाटाव्यात. महाबळेश्वरच्या लॉजवर एक, सिमकार्डाच्या टपरीवर एक, भाडेकरार करून देणाऱ्या एजंटकडे दोन (‘राहू द्या एक, लागली तर’). प्रिंट हवी असेल, तर झेरॉक्सच्या दुकानात ‘या नंबरवर पाठवा’ अशी पाटी असते, त्या नंबरवर फाइल बिनधास्त पाठवावी. ती तिथल्या कॉम्प्युटरवर उतरते आणि आपल्या आधी येऊन गेलेल्यांच्या मार्कशीट, पॅन कार्डे आणि कुणाच्या तरी घटस्फोटाचा मसुदा यांच्या शेजारी कायमची मुक्कामाला राहते. फाइलला पासवर्ड आहे म्हणून घाबरू नये. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपावरच लिहिली आहे. शिवाय झेरॉक्सवाला ती मोठ्याने विचारतो आणि आपण ती त्याहून मोठ्याने सांगतो.

या बाबतीत सरकारी धोरण काय, अशी शंका येईल. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढले, की आधारची फोटोकॉपी कोणत्याही संस्थेला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार वापरा. २९ मे रोजी ते पत्रक मागे घेण्यात आले. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो, असे कारण दिले गेले आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे एवढेच सांगितले गेले. नेहमीचे तारतम्य म्हणजे नेहमीप्रमाणे झेरॉक्स देणे, असा अर्थ देशाने एकमताने लावला. मास्क्ड आधार आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. हौस असेल तर लॉजवर देऊन पाहावे. मॅनेजर ते उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, “साहेब, नंबर पुसलाय, दुसरी द्या.”

इथपर्यंत आपण फक्त स्वतःला उघडे केले. आता प्रगत भाग. दुसऱ्याला त्याच्या नकळत कसे उघडे करावे याचे उत्तम शिक्षण मराठी माणसाला फार पूर्वीपासून लग्नाच्या बायोडेटातून मिळते. वर गणपतीचे चित्र. खाली मुलीचे नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मगाव, रास, नक्षत्र, नाडी, रक्तगट, उंची, शिक्षण, कंपनी, वार्षिक पॅकेज. मग वडील: निवृत्त, पेन्शन आहे. भाऊ: अमुक बँकेत, अविवाहित. बहिणीचे यजमान: तमुक शहरात, स्वतःचे घर. स्थावर: पुण्यात टू बीएचके, गावी बागायत. नंतर काका, आत्या आणि मामा, गावासकट. शेवटी ‘इतर नातेसंबंध’ या मथळ्याखाली आडनावांची अशी रांग, की पोलिसांना एखादा माणूस शोधायचा असेल तर एवढ्यावर तपास पुरा व्हावा.

यातली मामांची ओळ बारकाईने पाहावी. मामांचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. जगभरच्या बँका ते मोठे गुपित समजून ग्राहकाची ओळख पटवायला वर्षानुवर्षे विचारत आल्या. आपण ते ठळक टायपात छापतो आणि त्याची पीडीएफ वधू-वरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडतो. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे ॲडमिनलाही माहीत नसते. लग्न जमते, पार पडते, बारसे होते, मूल बालवाडीत जाते, तरी नगरच्या एखाद्या ग्रुपवर मुलगी अजून उपवर असते आणि भाऊ अविवाहित. बहिणीच्या यजमानांना, त्या मामांना हे सारे छापताना कुणी विचारलेले नसते. विचारण्याची पद्धतच नाही.

आपले हे घरगुती तंत्र फेसबुकने मोठ्या प्रमाणावर वापरू दिले. फेसबुकवरची माहिती मिळवणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये फुटले, तेव्हा कळले, की माहिती गोळा करणारे साधन म्हणजे तुमचा स्वभाव कसा आहे ते सांगणारे एक प्रश्नोत्तरांचे ॲप होते. फेसबुकच्याच हिशेबाने भारतात ते ३३५ जणांनी घेतले होते. आणि माहिती गेली असण्याची शक्यता होती ५,६२,४५५ भारतीयांची. आपला स्वभाव जाणून घेण्याची हौस असलेल्या एकेका गृहस्थामागे सोळाशेहून अधिक मित्र. त्या मित्रांनी कशावरही बोट ठेवले नव्हते. त्यांची चूक एवढीच, की मित्र हौशी निघाला.

आता तेवढी दगदग नाही. नवे ॲप उघडताच ‘कॉन्टॅक्ट्स वापरू का?’ असे विचारते. ‘हो’ म्हणावे. त्याबरोबर प्लंबर, स्त्रीरोगतज्ज्ञ, जुने साहेब आणि ‘उधारी जोशी’ असे सगळे एका दमात रवाना होतात. कोण फोन करतो आहे ते सांगणारी काही ॲप्स अशाच वह्यांवर मोठी झाली. आपण एखाद्याला ‘गॅस पाटील’ म्हणून सेव्ह केले असेल, तर मुलीच्या सासरी फोन केल्यावरही तो बिचारा गॅस पाटील म्हणून उमटण्याची शक्यता असते.

परवानग्यांच्या बाबतीत नियम एकच: वाचू नये. २००८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता, की माणसाने वापरातल्या प्रत्येक संकेतस्थळाचे गोपनीयता धोरण खरोखर वाचायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे २०० तास लागतील. आठ तासांच्या पंचवीस पाळ्या, बिनपगारी. आणि वाचून तरी काय? २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका लोकप्रिय टॉर्च ॲपला धरले. उजेड पाडणे एवढेच ज्याचे काम, ते ॲप माणूस कुठे आहे हे जाहिरातवाल्यांना कळवत होते. त्यात अटी नाकारायचे बटणही होते. फक्त बोट त्या बटणापर्यंत पोचायच्या आत माहिती निघून गेलेली असे.

इथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: “आम्ही घरात नुसते मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात आली. फोन ऐकतो का हो?” ऐकत असल्याचा पुरावा नाही, आणि ऐकण्याची गरजही नाही. आपण मिक्सरबद्दल बोललो, कारण वहिनी मिक्सर शोधत होत्या. त्यांनी तो घरच्याच वायफायवरून शोधला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एका वायफायवरचे सगळे फोन एकाच घरचे दिसतात. बाकीचे काम लिलावात होते. आपण बातमी उघडतो, पान पुरते दिसायच्या आत आपल्या डोळ्यांपुढची रिकामी चौकट विकायला निघते. फोन कोणता, जाहिरातीसाठी त्याला दिलेला क्रमांक काय, माणूस साधारण कुठे आहे, काय वाचतो आहे, हे सारे अनेक कंपन्यांना एकदम कळवले जाते आणि त्या बोली लावतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत सौदा होतो. जी जिंकते ती मिक्सर दाखवते. ज्या हरतात त्यांनाही आपली माहिती मिळालेलीच असते, आणि ती परत घ्यायला कुणी येत नाही. साने गुरुजींच्या पुण्यतिथीचा लेख वाचणाऱ्याचाही असाच लिलाव होतो.

काही हट्टी विद्यार्थी तरीही लपायला बघतात. त्यांच्यासाठी वेगळे सांगणे नको, कारण लपण्याचे नेहमीचे उपाय अभ्यासक्रमाला पूरकच आहेत. इनकॉग्निटोची काळी खिडकी उघडली, की आपण काय पाहिले ते घरातल्यांना कळत नाही. बाकी जगाबद्दल तिने कधी शब्द दिला नव्हता. त्यावरून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले. म्हणजे नोंदी होत्या. दुसरा उपाय होता ब्राउझरमधल्या ‘माझा माग काढू नका’ या बटणाचा. फायरफॉक्सने ते २०११ मध्ये दिले. बहुतेक संकेतस्थळांनी ती विनंती वाचली आणि बाजूला ठेवली. पुढे ॲपलने २०१९ मध्ये सफारीतून ते बटण काढून टाकले, कारण जो ते दाबतो तो त्यामुळेच गर्दीत उठून दिसण्याची भीती होती. कुकी पुसून टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा आणि कॉम्प्युटरवरचे फाँट एवढ्यावरूनही माणूस वेगळा काढता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्राँटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या चाचणीत दहातले आठ ब्राउझर इतर कुणासारखेच नव्हते. लग्नपत्रिकांसाठी चाळीस प्रकारचे देवनागरी फाँट भरून ठेवलेल्या आपल्या डीटीपीवाल्याने तर लपण्याचा विचारही करू नये.

ज्येष्ठ वाचक म्हणतील, की चाळीत तरी काय खासगी होते? समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना आमचा निकाल आमच्याआधी कळे. खरे आहे. पण काकूंचा मुलगा दहावीला दुसऱ्यांदा बसला आहे, हे आपल्यालाही कळत असे. त्यामुळे काकू जपून बोलत. जाहिरातींच्या त्या लिलावात बोली लावणाऱ्यांचे आपल्याला नावही ठाऊक नसते, मग त्यांचा मुलगा कितवीत आहे ते दूरच. हा व्यवहार एकतर्फी आहे, आणि विद्यार्थ्याने तो तसाच मान्य करावा, यासाठीच हा सगळा अभ्यासक्रम आखलेला आहे.

शेवटचा भाग कायद्याचा. तो कंटाळवाणा असला, तरी परीक्षेला येतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२ मध्ये याचिका केली. तिच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमतीला फार मान आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे न वाचता ‘मान्य’ दाबणे आता मातृभाषेत करता येईल. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नागरिकालाही कायदा विसरलेला नाही: खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करू नये हे त्याचे कर्तव्य ठरवले असून चुकल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार करावी, पण ती क्षुल्लक नाही ना, हे आधी स्वतःलाच विचारून घ्यावे.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे आठवे कलमही बदलले. पूर्वी एखादी माहिती वैयक्तिक म्हणून नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येईल, असे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. आता ‘वैयक्तिक आहे’ एवढे पुरते. जनहित मोठे असल्याचे सांगण्याची वाट दुसऱ्या पोटकलमात शिल्लक आहे, ती अर्जदाराने शोधायची. माहिती संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आपली माहिती सांभाळण्याच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहिती अधिकारातल्या बदलाला मुदत दिली नव्हती. तो लगेच लागू झाला.